कर्मठाचा टेक्सास-मुक्काम

भंडारा शहरातील ख्रिस्ती मंडळीत कर्मठ म्हणून ज्या चार गृहस्थांकडे पूर्वी बोट दाखविले जाई, त्यांपैकी दोघे प्रभूकडे गेले, तिसरे पुण्यास मुलाकडे गेले, आणि हा मान, कोणतीही निवडणूक न होता, गेली काही वर्षे माझ्या एकट्याकडे बिनविरोध चालत आलेला आहे. मी रविवारी बाजारात जात नाही. उपासनेत स्त्रियांनी डोक्यावर पदर घ्यावा असे म्हणतो, आणि कोणी घेतला नाही तर छताकडे पाहतो. नाताळात केकपेक्षा अनारशास अधिक मानतो. आणि मागे तरुण संघाने उपासनेत ड्रमसेट आणण्याची तजवीज केली, तेव्हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे तबला-पेटीखेरीज अन्य वाद्यांवर म्हणणे म्हणजे चिन्नोरचा भात काट्याचमच्याने खाण्यासारखे आहे, असे मी पंचकमिटीस सादर केलेल्या सात पानी अर्जात नमूद केले होते. त्या अर्जावर तरुण संघाच्या चिटणिसाने, जो माझाच विद्यार्थी आणि म्हणून माझी सर्व मर्मस्थाने जाणणारा, एका ओळीचा शेरा मारला: "गुरुजींची पेटी पॅरिसची आहे." दुर्दैवाने हे खरे होते. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले गेले. तथापि अमेरिकन मिशनऱ्यांचे 'ज्ञानोदय' त्याच १८४२ साली निघाले असल्यामुळे ते साल मी एकंदरीत शुभ मानतो, आणि त्या आधारावर पेटीस मी आमच्या धर्मात कायम केले. ड्रमसेट मात्र आलाच. तो अद्याप मला पवित्र वाटत नाही. शंभर वर्षांनी वाटेल.

सनावळी हे माझे व्यसन आहे. जन्मभर शाळेत इतिहास शिकविलेल्या माणसास दुसरे व्यसन परवडतही नाही. जगाच्या दोन टोकांना घडलेल्या दोन गोष्टी एकाच सालात सापडल्या, की एखादी सोयरीक जुळविल्याचे समाधान मला मिळते. मग त्या दोन गोष्टींना परस्परांची ओळख असो वा नसो. पुष्कळ सोयरिकींत तरी ती कोठे असते?

तर २०२४ सालच्या सप्टेंबरात मुलीच्या आग्रहावरून आम्ही उभयतांनी भंडारा सोडले. अमेरिकेस जावयाचे म्हणजे आधी वरठीस जावे लागते, कारण भंडारा रोड नावाचे स्थानक भंडाऱ्यात नसून वरठीस आहे. ज्याने नावावर विश्वास ठेवून भंडाऱ्यात रूळ शोधले त्याची गाडी चुकली, हे आमच्याकडे शाळकरी पोरासही ठाऊक असते. फोनवर जावयांनी मला धीर दिला होता. "बाबा, तुम्हाला इथं अजिबात परकं वाटणार नाही. हा टेक्सासचा भाग आहे. इथले लोक अगदी तुमच्यासारखे आहेत." माझ्यासारखे म्हणजे नेमके कसे, हा खुलासा मागण्याचे त्या वेळी मला सुचले नाही. पुढील पाच महिने त्या एका वाक्याची रुजुवात घेण्यात गेले.

डॅलसच्या उत्तरेस प्लॅनो म्हणून जे नगर आहे, तेथे मुलीचे बिऱ्हाड. जवळपास मराठी मंडळी नसल्यामुळे ती सहकुटुंब एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाते. पहिल्या रविवारी आम्ही गेलो. इमारत आमच्या जिल्हा परिषदेहून मोठी, मोटारी उभ्या करण्याचे मैदान आमच्या आठवडी बाजाराहून मोठे, आणि दाराशी स्वागतास उभे असलेले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आमच्या दोघांच्या बेरजेहून मोठे. त्यांनी मला छातीशी धरले. त्या आलिंगनात त्यांच्या कमरेशी काहीतरी टणक वस्तू मला लागली. परगावी वचन सांगावयास जाणारे आमचे वडीलधारे बंडीच्या आतल्या खिशात लहान पवित्र शास्त्र बाळगीत, तसेच हेही बाळगतात असे वाटून मला भरून आले. ह्या वस्तूचा उलगडा पुढे होईल.

आमच्या मंडळीत वाहाणा दाराशी काढण्याचा शिरस्ता आहे. जळत्या झुडुपापुढे मोशेस जोडे काढण्याची आज्ञा झाली होती, तेव्हा ह्या बाबतीत आमच्यापाशी लेखी आधार आहे. त्याप्रमाणे आम्ही उभयतांनी आपापल्या वाहाणा काढून, परत निघताना पाय सरळ घालता यावेत म्हणून तोंडे बाहेर करून, भिंतीशी लावून ठेवल्या व गालिच्यावरून आत गेलो. आत मंद निळा प्रकाश, पडद्यावर पदांच्या ओळी, आणि लोकांच्या हाती कॉफीचे झाकणबंद पेले! व्यासपीठावर ड्रमसेट होता. तो पाहताच आमच्या चिटणिसाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पाळकसाहेब जीन्सची विजार व शुभ्र धावण्याचे बूट घालून आले, आणि त्यांनी वचन फार सुंदर सांगितले. पण माझे निम्मे लक्ष त्या बुटांवर असल्यामुळे निम्मेच ऐकू आले.

त्या दिवशी प्रभुभोजन होते. आमच्याकडे आदल्या रात्री काळ्या मनुका भिजत घालतात, सकाळी कुस्करून गाळतात, आणि त्या कामाचा मान कोणाचा ह्यावरून महिला मंडळात वर्षातून एकदा तरी अबोला होतो. येथे प्रत्येकाच्या हाती अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची कुपी आली: वरच्या पापुद्र्याखाली भाकरीचा कण, खालच्या पापुद्र्याखाली द्राक्षरस. हा न आंबणारा रस १८६९ साली वेल्च नावाच्या एका दंतवैद्याने प्रभुभोजनासाठीच प्रथम तयार केला, आणि पुढे त्याचा अवाढव्य कारखाना झाला. दातांचा वैद्य आणि गोड रस ह्यांचा संबंध व्यापाराच्या दृष्टीने मला तेव्हाच उमगला. कुपीचा पापुद्रा मात्र नखाने निघेना; शेवटी आठ वर्षांच्या नातवाने तो काढून दिला, आणि त्या गंभीर घटकेस रसाचे दोन थेंब माझ्या धोतरावर पडले. होय, मी धोतर नेसलो होतो.

बाहेर येऊन पाहतो तो वाहाणा नाहीत! भंडाऱ्याच्या माणसास अशा वेळी जो विचार येतो तोच आम्हांस आला. मंगल कार्यालयांच्या दारांत आम्ही आजवर पुष्कळ जोड अर्पण केले आहेत. पण येथे प्रकार निराळा निघाला. कोणा सज्जनाने त्या बेवारस समजून, हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या टेबलावर नेऊन जमा केल्या होत्या. एका पोराची पाण्याची बाटली, एक चष्मा व एक छत्री ह्यांच्या शेजारी आमच्या चारही वाहाणा एका पारदर्शक पेटीत, मालखान्यातील मुद्देमालाप्रमाणे, ठेवलेल्या होत्या. टेबलापाशी बसलेल्या वृद्ध बाईंनी रंग, माप व खूण विचारून, नोंदवहीत सही घेऊन त्या परत केल्या. मी त्यांस मोशेची कथा सांगितली. कथा त्यांस माझ्याहून चांगली पाठ होती. पण ती वाहाणांविषयी आहे, हे त्यांच्या ध्यानात तोवर आले नव्हते. पुढच्या रविवारी त्या बाईंनी दाराशी एक लहानशी चटई पसरून ठेवली. पाच महिने ती तेथे होती, आणि तिच्यावर आमच्या दोन जोडांखेरीज तिसरा जोड कधी आला नाही.

दाराशी उभे राहणाऱ्या त्या मिशाळ गृहस्थांशी माझा स्नेह जमला. ते माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच निवृत्त, आणि माझ्याहूनही अधिक वेळ रिकामे असलेले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारले, "तुमचा नवा जन्म कधी झाला?" जावयांनी घाईघाईत भाषांतर करताना 'पुनर्जन्म' हा शब्द वापरला, आणि ज्या पुनर्जन्माच्या फेऱ्यातून आजोबांनी घरादाराचा रोष पत्करून आमची सुटका करून घेतली, त्याचीच तारीख अमेरिकेतील एक ख्रिस्ती माणूस मला विचारतो आहे, असे वाटून मी काही क्षण स्तब्ध झालो. खुलासा झाल्यावर मी म्हणालो की आमच्या घरात बाप्तिस्म्याची तारीख असते, ती मंडळीच्या रजिस्टरात पाहून सांगता येईल. हे उत्तर त्यांस पुरेसे वाटले नाही. रजिस्टरावर भंडाऱ्याच्या माणसाचा जितका विश्वास असतो तितका टेक्सासच्या माणसाचा नसतो.

आपल्या पूर्वजांनी हिंदुस्थानात सुवार्ता नेली, हे त्यांनी मोठ्या नम्रतेने, पण सांगितलेच. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले, हे मी मान्य केले. आमच्याकडे आले ते मात्र स्कॉटलंडचे होते. आणि मग, सनावळीचा मोह अनावर होऊन, मी त्यांस सांगितले की तुमचे यात्रेकरू मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले ते १६२० साली, आणि फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण', मराठी ओव्यांचा तो प्रचंड ग्रंथ, गोव्यात छापून निघाले ते १६१६ साली. म्हणजे तुमच्या देशात पहिले यात्रेकरू उतरण्यापूर्वी चार वर्षे प्रभूचे चरित्र आमच्या भाषेत ओवीबद्ध होऊन बसले होते. गृहस्थांनी खिशातून कागद काढून दोन्ही साले लिहून घेतली, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला. भंडाऱ्यात माझी साले कोणी लिहून घेत नाही.

ऑक्टोबरातील एका शनिवारी त्यांनी मला पुरुषांच्या न्याहारीस नेले. लांब टेबले, अंडी, आणि बिस्किट ह्या नावाचा एक मऊ पाव, ज्यावर पांढरी आमटी ओततात. तेथे माझी परीक्षा झाली. "आपण सनातनी विचारांचे आहात असे ऐकतो," एकाने विचारले. मी म्हटले, आमच्या जिल्ह्यात तरी माझ्याएवढा कोणी उरलेला नाही. मंडळी प्रसन्न झाली. कुटुंब, विवाह, वडिलांचा मान, मद्य, रविवार, एकेका कलमावर माझे गुण वाढत चालले. किंबहुना काही ठिकाणी ते जरुरीपेक्षा जास्त वाढले. रविवारी मी खानावळीत जेवत नाही, कारण आपण जेवावे म्हणून आचाऱ्याने विश्रामवार मोडावा हे बरे नव्हे, असे मी म्हणालो, तेव्हा उपासना संपताच सहकुटुंब खानावळ गाठणारी ती सज्जन मंडळी थोडी चुळबुळली. 'चिक-फिल-ए' नावाची कोंबडीची दुकाने रविवारी मालकाच्या श्रद्धेमुळे बंद असतात, असे एकाने अभिमानाने सांगितले. इतर दुकाने का नसतात, हे विचारण्याइतका मी असभ्य नाही.

मग रेशनचा विषय निघाला. आमचे सरकार ऐंशी कोटी लोकांना धान्य फुकट देते, आणि आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याचा धान आधारभूत किमतीने विकतही घेते, व वर बोनस द्यावा की नाही ह्यावर आमच्याकडे निवडणुका होतात, हे मी सहज सांगितले. टेबलावर शांतता पसरली. "आणि आपणांस हे पसंत आहे?" मी म्हटले, उपाशी माणसास जेवू घालावे ह्याबद्दल पवित्र शास्त्रात दुमत असल्याचे माझ्या वाचनात नाही. ते काम चर्चने करावयाचे, सरकारने नव्हे, असे उत्तर आले. आमच्या चर्चकडे बारा सतरंज्या, एक पेटी आणि तो ड्रमसेट एवढीच जिंदगी आहे. तिच्या बळावर भंडारा जिल्हा पोसणे कितपत जमेल, ह्याचा हिशेब मी मनातल्या मनात करून पाहिला. सरकारी दवाखान्याच्या कलमावरही मी असाच नापास झालो. मुक्कामात माझी एक दाढ ठणकत होती, तिच्या उपचाराचा तेथील अंदाजखर्च ऐकून ती मी प्रार्थनेवर व लवंगेवर भंडाऱ्यापर्यंत आणली, हे मात्र मी त्या टेबलावर बोललो नाही.

शेवटचे कलम बंदुकीचे. येथेच त्या टणक वस्तूचा उलगडा झाला. मिशाळ स्नेह्यांनी कोट किंचित बाजूस केला, आणि मी पवित्र शास्त्र समजलो होतो ते पिस्तूल निघाले. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांस पिस्तूल बाळगण्यास परवानाही लागत नाही. मी त्यांस सांगितले की आमच्याकडे परवाना कलेक्टरसाहेब देतात, आणि तो मिळविण्यास इतकी वर्षे लागतात की तोवर शत्रूही वार्धक्याने जातो. शिवाय निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांनी हत्यारे ठाण्यात जमा करावीत असे हुकूम निघतात. "निवडणुकीतच जमा करायची?" त्यांनी विस्मयाने विचारले. "निवडणुकीतच," मी म्हणालो, "बाकीच्या वेळी आमचे लोक शांत असतात." मंडळी हसली, पण ते हसले नाहीत. २०१७ साली ह्याच टेक्सासात सदरलंड स्प्रिंग्ज गावच्या लहानशा चर्चमध्ये भर उपासनेत गोळीबार होऊन पंचवीसहून अधिक जीव गेले. तेव्हापासून ते दर रविवारी दाराशी उभे राहतात, आणि तास-दीड तास चाललेले वचन त्यांच्या कानी पडत नाही. एवढे सांगून त्यांनी कोट पुन्हा नीट केला. बंदुकीविषयी माझे मत बदलले नाही. पण माझे निम्मे वचन पाळकाच्या बुटांपायी गेले होते, ह्याची मला त्या क्षणी लाज वाटली.

एकंदर निकाल असा लागला की मी सनातनी आहे, परंतु गोंधळलेला आहे. जावयांचे 'तुमच्यासारखे' येथे पहिल्यांदा डळमळले.

पुढे निवडणूक आली. जावयांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असल्यामुळे नमुना-मतपत्रिका घरी पाहावयास मिळाली, आणि ती वाचून मी रात्रभर जागा राहिलो. अध्यक्ष निवडतात हे ठाऊक होते. पण टेक्सासात न्यायाधीशसुद्धा निवडतात, आणि तेही पक्षाच्या नावावर! शेरीफ म्हणजे कोतवालही निवडतात. कर आकारून तो वसूल करणारा अंमलदार, ज्याच्या हुद्द्यातच 'कलेक्टर' हा शब्द आहे, तोही मते मागून निवडून येतो. कलेक्टरसाहेब हात जोडून दारोदार फिरत आहेत, हे चित्र माझ्या कल्पनेस झेपेना. जक्कय नावाचा जकातदार प्रभूस पाहण्यासाठी झाडावर चढला होता. मते मागण्यासाठी चढल्याचा उल्लेख नाही. आणखी खाली 'रेलरोड कमिशनर' असे पद होते. हा अधिकारी टेक्सासच्या तेलाचे व वायूचे नियमन करतो. रेल्वेचे कोणतेही काम त्याच्याकडे उरलेले नाही. मतदारांस हे सांगितल्यावाचून कळत नाही, असे जावई म्हणाले. त्यांस आश्चर्य वाटत होते. मला वाटले नाही. मी वरठीहून आलो होतो.

मतदान मंगळवारी का, ह्याचा शोध मी ग्रंथालयात जाऊन लावला. १८४५ सालच्या कायद्याने तो वार मुकरर झाला: रविवार उपासनेचा, सोमवार बैलगाडी-घोडागाडीने जिल्ह्याच्या गावी पोहोचण्याचा, मंगळवार मताचा. आणि १८४५ हे साल पाहताच माझी सोयरीक-वही उघडली. त्याच साली टेक्सास संयुक्त संस्थानांत सामील झाले. त्याच साली स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरास येऊन कामास लागले. आणि त्याच साली सदर्न बॅप्टिस्ट पंथ वेगळा झाला. कारण गुलाम बाळगणाऱ्यास मिशनरी म्हणून पाठवावे की नाही, ह्यावर उत्तरेकडच्या बंधूंशी त्यांचे फाटले होते. म्हणजे एकाच वर्षी, एकच पवित्र शास्त्र हाती घेऊन, एक माणूस आमच्या प्रांतात शाळा काढावयास निघाला होता, आणि अटलांटिकच्या पलीकडे काही माणसे गुलाम राखण्याच्या हक्कासाठी मंडळी फोडीत होती. हे मी माझ्या स्नेह्यास सांगावे की नाही ह्या विवंचनेत होतो. पण ते त्यांस माहीत होते. १९९५ साली त्यांच्या पंथाने ठराव करून क्षमा मागितली, असे ते म्हणाले, आणि दीडशे वर्षे उशीर झाला असेही म्हणाले. साले त्यांची तोंडपाठ होती. त्या दिवशी ते मला खरोखरच माझ्यासारखे वाटले.

नातू रोज सकाळी शाळेत झेंड्यासमोर प्रतिज्ञा म्हणतो. तिच्यात देवाचे नाव १९५४ च्या जूनमध्ये घातले गेले. त्यापूर्वी ती देवावाचून चालत होती. आमच्या जिल्ह्यास १९५४ हे साल दुसऱ्याच कारणांनी आठवते. त्या वर्षीच्या मे महिन्यात भंडाऱ्याच्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, मतदारास दोन मते. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेबांचा पराभव झाला. देशाची घटना लिहिणाऱ्या माणसास ज्यांनी पाडले त्या जिल्ह्याचा मी नागरिक आहे. परदेशात लोकशाहीवर व्याख्यान देताना मी हे लक्षात ठेवतो. त्याच वर्षी एप्रिलात मध्यप्रदेश सरकारने, आणि भंडारा तेव्हा मध्यप्रदेशात होता, मिशनऱ्यांच्या उद्योगांची चौकशी करण्यासाठी नियोगी समिती नेमली. अमेरिका आपल्या प्रतिज्ञेत देवास दाखल करून घेत असता आमच्याकडे देवाच्या माणसांचे जाबजबाब घेण्याची तयारी चालली होती.

"तुमच्याकडे ख्रिस्ती लोक कोणत्या पक्षास मत देतात?" स्नेह्यांनी एकदा विचारले. मी सांगितले, आम्ही इतके थोडे आहोत की आम्ही मत कोणास दिले हे शोधण्याचे कष्ट कोणताही पक्ष घेत नाही. तथापि आमची अगदीच उपेक्षा होते असे नाही. नाताळास चौकात फलक लागतो, त्यावर उमेदवाराचे छायाचित्र मोठे व प्रभूचे लहान असते. एका वर्षी एका उत्साही पुढाऱ्याने गुड फ्रायडेच्या 'हार्दिक शुभेच्छा' दिल्या. हा शोकाचा दिवस असून शुभेच्छांचा नव्हे, असे मी सविस्तर पत्राने कळविले. पत्राची दखल घेतली गेली, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पुढच्या वर्षी त्याच चौकात प्रभूच्या चित्राखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लागली, आणि ती तिसऱ्या दिवशी उतरवावी लागली. स्नेह्यांना हा विनोद समजावयास थोडा वेळ लागला, पण समजल्यावर टेबल हादरले.

स्वातंत्र्याच्या त्या भूमीत माझ्यावर आलेल्या एकमेव नोटिशीचा उल्लेख केला पाहिजे. सौभाग्यवतीने एका कोरड्या, उन्हाच्या दिवशी घरापुढच्या हिरवळीवर जुने धोतर अंथरून कुरोड्या वाळत घातल्या. चौथ्या दिवशी घरमालकांच्या संघाचे पत्र आले की दर्शनी भागात 'अज्ञात पांढरी वस्तू' आढळली असून ती दहा दिवसांत हटवावी. गवत किती उंच असावे, दार कोणत्या रंगाचे असावे, हेही तो संघच ठरवितो असे कळले. ज्या लोकांस सरकारचा तलाठी सहन होत नाही त्यांनी स्वखर्चाने घरोघर एक तलाठी नेमून घ्यावा, ह्याचे मला कौतुक वाटले. मी रीतसर, 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' अशा थाटाचा अर्ज इंग्रजीत लिहून, सदर वस्तू गव्हाच्या चिकाची असून तळल्यावर तिप्पट फुगते, असे नमूद केले व सोबत चार कुरोड्या तळून जोडल्या. उत्तर आले नाही. कुरोड्याही परत आल्या नाहीत.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचा उपकारस्तुतीचा सण असतो. लिंकनसाहेबांनी यादवी युद्ध चालू असता १८६३ च्या ऑक्टोबरात त्याची घोषणा केली. त्याआधी सुमारे एक महिना, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, हिस्लॉपसाहेब टाकळघाटाहून परतताना रात्री नाल्याच्या पुरात वाहून गेले होते. ही सोयरीक मी जेवणाच्या टेबलावर जुळवून दाखविली. नातवाने विचारले की मग टर्की केव्हा कापायची. त्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी लोक पहाटेपासून दुकानांपुढे रांगा लावतात. आदल्या दिवशी जे आहे त्याबद्दल देवाचे आभार मानून दुसऱ्या दिवशी जे नाही ते आणावयास जातात. मग ते घरात मावत नाही. ह्यासाठी गावाबाहेर लहान लहान कोठारांच्या रांगा बांधलेल्या आहेत. एकेकास नारिंगी दार, दारास कुलूप, आणि महिन्याचे भाडे. जावयांचेही एक आहे. त्यात काय आहे ते मुलीस आठवत नव्हते. प्रभूने सांगितलेला तो मूर्ख धनवान, ज्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत केला आणि त्याच रात्री मेला, तो भंडाऱ्यात शिकविताना मला फार कष्टाने समजावून सांगावा लागे, कारण आमच्या मुलांच्या घरी कोठी असे आणि ती पोळ्याच्या सुमारास रिकामी असे. येथे मोटारीतून बोट दाखविले की पुरे.

त्याच महिन्याच्या २० तारखेस महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले. मताचा हक्क मिळाल्यापासून पहिल्यांदाच माझे मत चुकले. एप्रिलात लोकसभेच्या वेळी बोटास लागलेली शाई केव्हाच उडाली होती. जावयांच्या कोटावर 'मी मत दिले' असे लिहिलेली गोल चिकटपट्टी होती. ती त्यांनी नातवास दिली, आणि नातवाने कुत्र्यास लावली.

फेब्रुवारीत परतलो. निघताना मिशाळ स्नेही दाराशी उभे होते. ह्या वेळी मीच त्यांस छातीशी धरले, आणि ती टणक वस्तू लागणार हे ठाऊक असूनही धरले. ते म्हणाले, आमच्यासाठी प्रार्थना करा. मी म्हटले, करीन. पण तुमच्या मतपत्रिकेइतकी लांब करावी लागेल.

आमच्या मंडळीचा हंगामाचा सण पंचकमिटीच्या शिरस्त्याप्रमाणे नोव्हेंबरात ठरून फेब्रुवारीच्या अखेरीस पार पडला, त्यामुळे तो चुकला नाही. धानाच्या ओंब्या, लाखोळीची डाळ, दोन कोंबड्या, एक पितळी गडवा आणि एक प्रचंड कोहळे लिलावास आले होते. कोहळे प्रथम पाळकसाहेबांनी घेतले व पुन्हा दानात दिले. मग चिटणिसाने घेतले व पुन्हा दिले. तिसऱ्या खेपेस बोली रेंगाळली, तेव्हा मी चारशे एक रुपये बोललो. मागच्या सतरंजीवरून एक म्हातारी ओरडली, "काहून जी गुरुजी, अमेरिकेत जाऊन आले अन् कोहळं घ्याले इथंच सापडलं?" ड्रमसेट वाजला. चारशे एकास कोहळे माझ्या नावावर सुटले. मी ते पुन्हा दानात दिले नाही, घरी नेले, आणि त्याची भाजी तीन दिवस पुरली.

पुढचा लिलाव पंचकमिटीने येत्या नोव्हेंबरात ठेवला आहे, म्हणजे फेब्रुवारीत होईल. वाचकांपैकी कोणास येणे झाल्यास जरूर यावे. कोणत्याही धर्माचा, कोणत्याही पक्षाचा माणूस बोली लावू शकतो. वरठीस उतरावे, भंडाऱ्यास उतरण्याचा प्रयत्न करू नये. वाहाणा दाराशी काढाव्यात. परत जाताना त्या तेथेच असतील. आपल्याच असतील, ह्याची हमी मात्र पंचकमिटी घेत नाही.